केंड्रिककडून चोरायचंच असेल तर : मराठीत रॅप करणाऱ्या पोरापोरींना खुलं पत्र

पोरापोरींनो,

तुम्ही केंड्रिक लमार या अमेरिकन रॅपरकडून चोरता हे मला पहिल्या कडव्यातच कळतं. मधेच आवाज चिरका करून दोन ओळी म्हणायच्या, मग खर्जात उतरायचं, श्वास न घेता ओळींवर ओळी कोंबत जायचं आणि गाणं रंगात आलं की बीट बदलायचा. चोरण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. शाहिरांनी एकमेकांच्या चाली उचलल्या, कीर्तनकारांनी नाटकातल्या उचलल्या, आणि भजनी मंडळं तर सिनेमाच्या चालींवर बिनदिक्कत अभंग म्हणतात. पण एवढी घरफोडी करायची आणि दारातल्या चपला घेऊन पळायचं, याला काय अर्थ आहे? तिजोरी आत आहे.

आत म्हणजे अल्बममध्ये. यूट्यूबवर एक इथलं, एक तिथलं ऐकून ती उघडत नाही. अख्खा अल्बम ऐकायचा, आणि एकामागून एक सगळे, आले त्या क्रमाने.

मी रॅप करत नाही, नुसती ऐकते. तुमच्यातले काही जण मला ताई म्हणून गाणी पाठवतात, काही काकू म्हणून. काकूंनीही सगळी ऐकली आहेत. म्हणून हे पत्र, आणि त्यात सांगायची गोष्ट एकच. केंड्रिकच्या आधीच्या अल्बममुळे जो दुखावला, चिडला किंवा फसला, त्याला तो पुढच्या अल्बममध्ये बोलायला उभा करतो. कधी ते माणूस दुसरं असतं, बऱ्याचदा तो स्वतःच असतो. त्याची वाढ म्हणतात ती मला यातच दिसते. बीट काय, पैसे आले की कुणाचेही सुधारतात.

'सेक्शन.८०' जुलै २०११ मध्ये आला, तेव्हा तो २४ वर्षांचा होता. त्यात कीशा नावाच्या मुलीचं एक गाणं आहे. लहानपणी अत्याचार, मग रस्त्यावरचा धंदा, शेवटी खून. शेवटी तो सांगतो की हे लिहिलं त्या दिवशी अकरा वर्षांच्या धाकट्या बहिणीला समोर बसवलं आणि ऐकवलं. गाणं चांगलं आहे. ऐकताना गलबलतं, बहिणीला शहाणं केल्याबद्दल आपण मनातल्या मनात गाणाऱ्याची पाठ थोपटतो आणि पुढचं गाणं लावतो. तुमच्यातले बहुतेक जण इथंच थांबले असते. शाबासकी मिळाली, विषय संपला.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, 'गुड किड, मॅड सिटी' आला. त्यातलं 'सिंग अबाउट मी, आय अॅम डाइंग ऑफ थर्स्ट' हे गाणं बारा मिनिटांचं आहे. पहिलं कडवं एका मित्राच्या तोंडी आहे. त्याचा भाऊ गोळी लागून गेला, शेवटच्या क्षणी केंड्रिक त्याच्यापाशी होता, म्हणून हा त्याचे आभार मानतो. बदल्याचा विचार डोक्यातून जात नाही हेही कबूल करतो. तुझा अल्बम यायच्या आत मी गेलोच तर, एवढं म्हणतो आणि गोळ्यांचा आवाज येतो. वाक्य अर्धंच राहतं. दुसऱ्या कडव्यात कीशाची बहीण येते, आणि ती संतापलेली आहे. माझ्या बहिणीची गोष्ट चव्हाट्यावर मांडायला तुला सांगितलं कुणी? तुला तिच्याबद्दल माहीत तरी काय? ती स्वतः त्याच धंद्यात आहे आणि तिला कुणाची कीव नकोय. मी विरून जाणार नाही, असं ती बजावते. बजावता बजावताच तिचा आवाज बारीक होत जातो. ती बोलायची थांबत नाही. ठेका तसाच चालू राहतो आणि बाई ऐकू येईनाशी होते.

तांत्रिक करामत म्हणाल तर मिक्सिंग करणाऱ्याने आवाज हळूहळू कमी केला, बस्स. तुमच्या लॅपटॉपवर फुकटात होईल. पण आधीच्या अल्बममध्ये ज्या गाण्याने गळा भरून आणला, त्यालाच इथं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय. शिवाय तिला बोलू द्यायचं आणि वर तिचा आवाज आपणच बुडवायचा, म्हणजे तिची तक्रार खरी होती हे सिद्धच करून दाखवायचं. तिसऱ्या कडव्यात तो स्वतः येतो, तेव्हा जिंकल्याचा आव आणत नाही. दुखवायचं नव्हतं, पण टीव्हीवर दिसतं त्याहून खरं काहीतरी सांगायलाच हवं होतं, एवढंच तो म्हणतो.

तुम्हीही गोष्टी सांगता. दारुडा बाप, गळफास घेतलेला शेतकरी, पळून गेलेली बहीण. त्या बहिणीने गाणं ऐकलं का? ऐकून काय म्हणाली? ते कडवं कुठाय?

याच अल्बममध्ये त्याच्या आईवडिलांचे फोनवरचे निरोप आहेत, खऱ्या आईवडिलांच्या आवाजात. आईला तिची व्हॅन हवीय, पंधरा मिनिटांत येतो म्हणून पोरगं घेऊन गेलंय ते गेलंच. बाप पाठीमागून ओरडतोय, त्याच्या डॉमिनोज खेळाच्या सोंगट्या सापडत नाहीयेत. आणि तिकडं पोरगं त्याच व्हॅनमधून एका मुलीला भेटायला निघालंय, मित्रांबरोबर घर फोडतंय, मार खातंय, एका मित्राला मरताना बघतंय. मुखपृष्ठावर 'केंड्रिक लमारचा लघुपट' असं छापलंय ते उगाच नाही. डॉमिनोजवाला बाप आला की हसू फुटतं, आपण जरा सैल होतो, आणि नेमकी तेव्हाच गोळी लागते. तमाशातला सोंगाड्या हेच करतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, कुठं ते केंड्रिकचं गाव कॉम्प्टन आणि कुठं आपण. नातं तुम्ही समजता त्याहून जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये तिथले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईत पोरांनी दलित पँथर उभी केली, तेव्हा नाव उचललं ते ओकलंडच्या ब्लॅक पँथर या काळ्या लोकांच्या संघटनेवरून. हे सगळं रॅपच्या जन्माआधीचं आहे. पण नातं आहे म्हणून त्यांचं सगळंच आपलं होत नाही. काळ्या लोकांना हिणवणारा तो 'एन'पासून सुरू होणारा शब्द तुमच्यातले काही जण सर्रास वापरतात, तो बंद करा. २०१८ मध्ये अलाबामातल्या एका कार्यक्रमात केंड्रिकने एका गोऱ्या मुलीला गायला मंचावर बोलावलं. तिने तो शब्द जसाच्या तसा म्हटला, तेव्हा त्याने गाणं मधेच थांबवलं. हजारो लोकांसमोर. आपल्याकडे काय शिव्यांचा तुटवडा आहे?

असो. तर २०१२ नंतर नाव झालं, पैसा आला, तो गाव सोडून जगभर फिरायला लागला. २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेला, मंडेलांना डांबलं होतं तो रॉबेन बेटावरचा तुरुंग बघून आला. हिशोबी माणसाने 'गुड किड'चा दुसरा भाग काढला असता. याने मार्च २०१५ मध्ये 'टू पिंप अ बटरफ्लाय' काढला, आणि पहिल्यांदा ऐकणारा अर्ध्यावरच गांगरतो. कारण हा जॅझ आहे, फंक आहे, मधे मधे नुसती बडबड आहे. थंडरकॅटचा बेस, कमासी वॉशिंग्टनचा सॅक्सोफोन, रॉबर्ट ग्लास्परचा पियानो, टेरेस मार्टिन, आणि जोडीला फंकचे पितामह जॉर्ज क्लिंटन. डेव्हिड बोवी तेव्हा आयुष्यातला शेवटचा अल्बम करत होता. आम्ही त्या काळात केंड्रिक ऐकत होतो, असं त्याच्या निर्मात्यानेच नंतर सांगितलं. साठी ओलांडलेला रॉकवाला तिशीही न गाठलेल्या रॅपरकडून शिकतो, याला म्हणतात प्रभाव. फॉलोअर काय, आज आहेत, उद्या नाहीत.

या अल्बममधली तक्रार स्वतःविरुद्ध आहे. 'यू' नावाच्या गाण्यात तो हॉटेलच्या खोलीत दारू पीत स्वतःलाच शिव्या घालतो. आवाज रडून घोगरा झालाय, मधे बाटली-ग्लासाचा आवाज येतो. तू जगाला उपदेश करतोस आणि तुझ्या धाकट्या बहिणीला कोवळ्या वयात दिवस गेले तेव्हा तू कुठं होतास? मित्र दवाखान्यात मरत होता तेव्हा तू प्रत्यक्ष गेला नाहीस, फोनवर चेहरा दाखवलास. अकरा वर्षांच्या बहिणीला समोर बसवून गाणं ऐकवल्याचं 'सेक्शन.८०'मध्ये आपण ऐकलेलं असतं, म्हणून हे जास्त लागतं. सुटं गाणं ऐकणाऱ्याला यातलं काहीच लागणार नाही.

गाण्यांच्या मधे मधे तो एक कविता म्हणतो. दर वेळी पहिल्यापासून, आणि दर वेळी थोडी पुढे. ती पूर्ण होते तेव्हा कळतं की तो ती कुणाला तरी वाचून दाखवत होता, आणि तो माणूस म्हणजे टुपाक. १९९६ मध्ये मारला गेलेला रॅपर टुपाक. १९९४ च्या एका स्वीडिश मुलाखतीतले त्याचे आवाजाचे तुकडे घेऊन केंड्रिकने प्रश्नोत्तरं रचली आहेत, इतकी बेमालूम की दोघं समोरासमोर बसलेत असं वाटतं. शेवटी केंड्रिक सुरवंट आणि फुलपाखराचं एक टिपण वाचून दाखवतो आणि विचारतो, तुला काय वाटतं? उत्तर येत नाही. तो हाक मारतो. पुन्हा मारतो. अल्बम संपतो.

यातलंच 'ऑलराइट' २०१५ च्या जुलैमध्ये क्लीव्हलंडला पोलिसांसमोर लोकांनी एका सुरात म्हटलं, आणि मग ते काळ्या लोकांच्या आंदोलनाचं गाणं होऊन बसलं. घोषणा ठरवून लिहिता येत नाही, हे तुम्हाला कळायला हवं. अल्बममध्ये हे गाणं 'यू'च्या लगेच पुढे आहे. आधी माणूस मोडून पडलाय, म्हणून पुढचं 'सगळं ठीक होईल' पटतं. तुमच्या क्रांतीच्या गाण्यांत पहिल्या ओळीपासूनच मूठ वळलेली असते. हात दुखतो हो ऐकणाऱ्याचा.

त्याच सुमारास एका पुरस्कार सोहळ्यात पोलिसांच्या गाडीवर उभं राहून त्याने हे गाणं म्हटलं. फॉक्स न्यूजवर हेराल्डो रिव्हेरा म्हणाले की अलीकडच्या काळात हिप-हॉपने काळ्या तरुणांचं वंशवादापेक्षा जास्त नुकसान केलंय. तुम्ही काय केलं असतं? रात्रीतून एक डिस ट्रॅक, म्हणजे त्याला शिव्या घालणारं गाणं. केंड्रिकने २०१७ मध्ये 'डॅम' काढला आणि त्या वाहिनीवरचे आवाज उचलून थेट गाण्यात बसवले. विरोधकाला त्याच्याच आवाजात बोलू दिलं आणि खाली ढोल वाजवला.

'डॅम' वरवर साधा वाटतो. बीट मोकळे, गाणी छोटी, रेडिओवर वाजणारी. पण त्यातलं 'फिअर' लावून बघा. सात वर्षांचा असताना भीती आईच्या माराची, सतराव्या वर्षी भीती कुठल्याही कोपऱ्यावर फुकटचं मरण्याची, सत्ताविसाव्या वर्षी भीती मिळवलेलं सगळं गमावण्याची. आणि शेवटचं गाणं. अँथनी टिफिथ नावाचा एक गुंड केएफसीचं दुकान लुटायला निघालेला असतो. खिडकीवर काम करणारा डकी नावाचा माणूस त्याला ओळखून असतो. तो त्याला जरा जास्तीचं चिकन, जास्तीची बिस्किटं देत राहतो, म्हणून वाचतो. पुढं काही वर्षांनी त्याच टिफिथने ज्या पोराला आपल्या कंपनीत घेतलं तो त्या डकीचा मुलगा निघाला. म्हणजे केंड्रिक. त्या दिवशी गोळी सुटली असती तर हे गाणंच नसतं, हे सांगून झाल्यावर आवाज उलटा फिरतो आणि अल्बम पहिल्या गाण्याच्या पहिल्या वाक्यावर येऊन थांबतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गाण्यांचा क्रम उलटा करून हाच अल्बम पुन्हा काढला. दोन्ही बाजूंनी वाचता येणारा अल्बम.

२०१८ मध्ये याला संगीताचं पुलित्झर मिळालं. १९४३ पासून दिलं जाणारं हे पारितोषिक शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर तोवर कुणालाही मिळालं नव्हतं. आपल्याकडच्या ज्या गुरुजींना रॅप म्हणजे घाईघाईने केलेला पाढा वाटतो, त्यांच्या तोंडावर फेकायला हे बरं आहे. एरवी बक्षिसांचं मला फारसं काही वाटत नाही. 'गुड किड'ला ग्रॅमीत एकही मिळालं नव्हतं, म्हणून तो अल्बम काय पातळ झाला?

'डॅम'नंतर पाच वर्षं त्याचा स्वतःचा अल्बम नाही. मे २०२२ मध्ये 'मिस्टर मोराल अँड द बिग स्टेपर्स' आला आणि पुष्कळ चाहते रुसले. आता ज्याला उत्तर द्यायचं होतं ती होती त्याची मूर्ती. आपणच त्याला जमातीचा उद्धारकर्ता करून ठेवलं होतं. एका गाण्यात तो सरळ सांगतो की मी तुमचा तारणहार नाही. दुसऱ्यात बापाबद्दल बोलतो. बापाची आई वारली आणि बाप लगेच कामावर गेला. का, असं पोराने विचारलं तर, बिलं कोण भरणार? तुमच्या-माझ्या घरातला बाप आहे हा, फक्त इंग्रजी बोलतो. ते गाणं सुरू होण्याआधी त्याची जोडीदार त्याला सांगते की तुला समुपदेशनाची गरज आहे, आणि तो मर्दानगीच्या तोऱ्यात ते उडवून लावतो. अल्बमच्या शेवटाकडे 'मदर आय सोबर'मध्ये आईवर झालेला अत्याचार, लहानपणी त्याच्यावरही अत्याचार झाला असावा हा घरच्यांना आलेला संशय, त्याचं स्वतःचं बाहेरख्यालीपण, सगळं कुजबुजल्यासारख्या आवाजात बाहेर येतं. हे ऐकताना कुणी मान डोलावत नाही. मला हाच अल्बम सगळ्यात जवळचा आहे, आणि त्याबद्दल माझ्याशी भांडायला आलात तरी चालेल.

पण एक गोष्ट मला त्यात आजही खटकते. अत्याचाराच्या जखमांबद्दल बोलणाऱ्या या अल्बममध्ये त्याने लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून खटला चाललेल्या एका रॅपरला जागोजागी बोलायला लावलंय. जखमी माणूसच जखमा करतो, असं काहीतरी त्याला म्हणायचं असावं. मग त्या मुलीचं कडवं कुठाय? ज्याने कीशाच्या बहिणीला बोलू दिलं त्यालाच हे विचारायचं. केंड्रिकचा दोष मोजायची फूटपट्टीही त्यानेच आपल्या हातात दिली आहे.

२०२४ चं कॅनडाच्या ड्रेक या रॅपरबरोबरचं भांडण तुम्हाला ओळीओळीने पाठ आहे, म्हणून लांबवत नाही. त्या भांडणातल्या 'नॉट लाइक अस' या गाण्याला ग्रॅमीची पाच बक्षिसं मिळाली, फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सुपर बोलमधला त्याचा कार्यक्रम १३ कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. गाण्याची ताकद मला मान्य आहे, मस्टर्डने बनवलेला तो बीट लागला की पाय हलतातच. पण त्यात केलेले आरोप ड्रेकने फेटाळलेत, ते कुठल्या कोर्टात सिद्ध झालेले नाहीत, आणि लहान मुलींबाबतच्या आरोपांवर स्टेडियमभर नाचायचं हे मला तरी जमत नाही. तुम्ही मात्र त्याच्यातलं हेच सगळ्यात आधी उचललंत. गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे आलेल्या गाण्यांत भांडणंच भांडणं. अमक्याची आई, तमक्याची औकात.

२०२४ च्याच नोव्हेंबरमध्ये काही न सांगता टाकलेला 'जीएनएक्स' जास्त लक्ष देऊन ऐका. नाव १९८७ च्या ब्युइक गाडीचं, तेच त्याचं जन्मवर्ष. बाहेर फारशी नावं नसलेले लॉस एंजेलिसचे रॅपर त्याने ओळीने उभे केलेत, आणि मारियाची गाणाऱ्या डेरा बरेराचा आवाज तीनदा येतो, कारण त्या शहरात मेक्सिकन माणसं आहेत आणि त्यांच्याशिवाय ते शहर खोटं. 'रीइनकार्नेटेड'मध्ये तो मागचे जन्म सांगतो. आधीचा एक गिटारवाला, मग एक गायिका, दोघंही हुनर असून वाया गेलेले. मग आत्ताचा तो, आणि समोर देव. भांडण जिंकून आलेल्या या माणसाला देव विचारतो की तुला खरंच शांतता हवीय का, की भांडणच आवडतं? विजयाच्या वर्षातच त्याने ही तक्रार नोंदवून ठेवली. हे मला फार आवडलं.

आता कामाचं. हप्त्याला एक गाणं टाकायचं थांबवा. लोक विसरतील म्हणता? विसरू देत, त्याला पाच वर्षं विसरले होते. आठ गाणी करा, दहा करा. सोलापूरचे असाल तर सोलापुरीत, वसईचे असाल तर तिकडच्या बोलीत करा. आईचे व्हॉट्सअॅपवरचे व्हॉइस मेसेज जपून ठेवा, खोटे रेकॉर्ड करू नका, लगेच कळतं. तबल्या-ढोलकीवाल्यांना बोलवा आणि त्यांना पैसे द्या. तुमच्या आधीच्या गाण्यावर जो कुणी चिडला असेल त्याच्याकडे जा, त्याचं म्हणणं नीट ऐकून या आणि त्याला कडवं द्या. गाण्यांचा क्रम ठरवण्यावर लिहिण्याइतकाच वेळ घालवा.

झालं की पाठवा, लिंक चालेल. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐकेन आणि काय आवडलं नाही ते सविस्तर कळवेन. त्यातलं पटेल ते पुढच्या अल्बममध्ये घ्या. नाव नाही घेतलंत तरी हरकत नाही, फक्त मी बोलत असताना माझा आवाज बारीक करू नका.

तुमची,
एक ऐकणारी